मखमलीचा मान

पिंजाऱ्याच्या घरात कापसाला तोटा नसतो, मखमल मात्र नेहमी दुसऱ्याची असते. आमच्या घरी तरी असेच होते. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात आमच्या तीन पिढ्यांनी गाद्या, उशा, तक्के आणि रजया भरल्या. कापूस गिऱ्हाइकाच्या शेतातला, अस्तर बाजारातले, टाके फुफीचे आणि वरची मखमल गिऱ्हाइकाने नागपूरहून किंवा वर्ध्याहून आणलेली. काम पुरे झाले की मखमलीची रजई घडी न घालता गुंडाळून बंडीत ठेवली जाई. मखमलीवर घडी दाबून बसली की तिची लव मोडते आणि वरून इस्त्री फिरवली तर ती आणखीच चिकटून बसते, हे आम्हा भावंडांना शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होते.

मखमल आमच्याकडे तीन कामांसाठी येई. नवरीच्या आंदणातली रजई, गिरडच्या दर्ग्यावर चढवायची चादर आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकायची झूल. रोजच्या वापरासाठी मखमल घेऊन आलेला माणूस आमच्या ओसरीवर आम्ही पाहिला नाही. सूती कापड अंग झाकायला, घोंगडी थंडीवाऱ्याला. मखमल यायची ती कोणाला तरी मान द्यायचा असे तेव्हाच.

मऊपणाची आमची पहिली ओळख मात्र कापडाची नव्हती. मृग लागून पहिला पाऊस झाला की काळ्या मातीतून लालभडक, गुबगुबीत किडे वर येत. शाळेतली पोरे त्यांना मृगाचा किडा म्हणत, आमच्या घरात ती बीरबहुटी होती. बोटाचे टोक हलकेच त्याच्या पाठीवरून फिरवायचे आणि त्याला पुन्हा मातीत सोडून द्यायचे. पुढे दुकानात लाल मखमलीचा तागा उलगडला गेला की आम्हांला शेताचा वास येई.

मखमलीला उलट-सुलट असते. लव ज्या दिशेने झुकलेली असते त्या दिशेने हात फिरवला तर ती उजळ दिसते, उलट फिरवला तर गडद होते. रजईचे दोन पाट जोडताना एक पाट उलटा लागला तर एकाच ताग्याचे कापड दोन रंगांचे वाटते. म्हणून अब्बा म्हणत, "पहले हाथ फेरो, फिर कैंची उठाओ." कापून उरलेली कात्रणे तेवढी आमची. नवरीच्या रजईचे जांभळे, चादरीचे हिरवे, झुलीचे लाल, असे तुकडे जोडून अम्मीने आमच्यासाठी एक गोधडी केली होती. तुकड्यांची लव चारी दिशांना होती. त्यामुळे दिवा जसा हलवावा तसे तिचे रंग बदलत.

ही मखमल मुळात आली कुठून, हा प्रश्न घरात कोणी काढत नव्हते. तो बाहेरून आला. जिल्ह्यातल्या एका गावी खादीवर सभा होती. वक्ते तळमळीने बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, मखमल हे इराणातून आलेल्या दरबारी लोकांचे कापड, खादी हे या मातीचे कापड. वाक्य संपवताना त्यांची नजर आमच्या बाजूला वळली. त्यांच्या मनात काही वाईट होते असे नाही, पण ती नजर कोणाकडे वळली हे सभेतल्या सगळ्यांनी पाहिले. आम्ही पिंजारी. खादीचा पहिला हात आमचा असतो, कारण कापूस पिंजल्याशिवाय पेळू होत नाही आणि पेळूशिवाय चरख्याला काम नाही. तरी त्या नजरेत आम्ही मखमलीच्या बाजूचे ठरलो होतो. मग मखमलीचे घराणे एकदा नीट पाहावे असे वाटले. जिथे पुस्तक मिळाले तिथे वाचले, जिथे चित्र मिळाले तिथे पाहिले.

आज बाजारात मिळणारी मखमल यंत्रमागाची असते. त्या मागावर समोरासमोर दोन कापडे एकाच वेळी विणतात आणि त्यांना जोडणारे धागे मधोमध कापले की दोन मखमली सुट्या होतात. हातमागाची रीत निराळी. तिथे उभ्या धाग्यांचे दोन ताणे लागतात. एक ताणा जमिनीचा, दुसरा लवेचा. काही आडवे धागे घातले की लवेचा ताणा वर उचलायचा आणि त्याच्याखाली एक बारीक सळई सरकवायची. पुढचे आडवे धागे ठोकले की सळईवर लवेच्या धाग्यांची रांग कमानीसारखी चढते. सळईला वरून खाच असते. त्या खाचेतून धारदार पाते ओढले की कमानी कापल्या जातात आणि टोके उभी राहतात. ही टोके म्हणजेच लव. सळईवर सळई चढत जाते म्हणून लवेचा ताणा जमिनीच्या ताण्यापेक्षा कितीतरी पट लांब लागतो. एवढे महागाचे रेशीम घ्यायचे आणि वीतभर पुढे सरकण्यासाठी ते शेकडो वेळा कापायचे. कापायला हात कचरला तर मखमल होत नाही.

यावर चित्र उमटवायचे म्हणजे काम आणखी अवघड होते. इराणात सफवी बादशहांच्या काळी, सोळाव्या आणि सतराव्या शतकात, हे काम यझ्द, काशान आणि इस्फहान या शहरांत कळसाला गेले. जमीन साटिनची. पुष्कळदा ती सोन्याचांदीच्या तारेने मढवलेली. ही तार म्हणजे चांदीची, सोन्याचे पाणी दिलेली पातळ पट्टी रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली असे. त्या चकचकीत जमिनीवर फक्त आकृतीपुरतीच लव उभी करायची. बाज हातावर घेतलेला शिकारी, बागेत उभी असलेली स्त्री, सुरूचे झाड, फुलांची वेल. जवळ जाऊन बोट लावले तर आकृती जमिनीपासून उठलेली लागावी.

रंगांची त्यांची एक युक्ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलो होतो. लवेचा ताणा एकदा चढवला की त्याच रंगावर अडकून राहायचे नाही. एका आकृतीतला रंग संपला की त्या जागचे लवेचे धागे मागच्या बाजूला कापून सोडायचे आणि दुसऱ्या रंगाचे नवे धागे तिथे जोडून पुढे विणायचे. त्यामुळे एकाच नक्षीच्या ओळीत एका स्त्रीचा झगा निळा, दुसरीचा गुलाबी, तिसरीचा पिवळा होऊ शकतो. पुढून पाहणाऱ्याला बाग दिसते. कापडाची मागची बाजू पाहिली तर तुटलेल्या धाग्यांची टोके दिसतात. आम्हांला ती मागची बाजू जास्त ओळखीची वाटली. रजईचेही तसेच असते.

नक्षी मागावर बसवणारा तो नक्शबंद. कागदावरचे चित्र तो दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून देई, म्हणजे कोणत्या ओळीला कोणते उभे धागे उचलायचे ते दोऱ्यांतच लिहिलेले असे. मागावर एक पोरगा त्या दोऱ्या क्रमाने ओढत राही आणि खाली बसलेला विणकर विणत राही. नक्शबंदी सूफी सिलसिल्याच्या नावात हाच शब्द आहे आणि आपली मराठी नक्षीही त्याच घरची.

या नक्शबंदांतला सर्वांत नावाजलेला यझ्दचा ग्यासुद्दीन अली. तो शाह अब्बासच्या काळचा, कवी म्हणूनही ओळखला गेलेला. त्याने काही कापडांच्या नक्षीतच आपले नाव विणून ठेवले. तशी नाव असलेली मोजकीच कापडे आज जगातल्या संग्रहालयांत आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाह अब्बासने अकबराकडे भेटी पाठवल्या, त्यांत ग्यासुद्दीनच्या हातची कापडेही होती आणि अबुल फज्लने त्याचे नाव घेऊन तशी नोंद केली. जाळ्याच्या दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे नाव मात्र कोणत्याच कापडावर नाही.

शाह अब्बासने १५८८ ते १६२९ असे चाळीसहून अधिक वर्षे राज्य केले. रेशीम हे त्याच्या राज्याचे मोठे धन होते. १६१९ साली त्याने रेशमाचा परदेशी व्यापार आपल्या हाती घेतला आणि तो इस्फहानजवळच्या नव्या जुल्फा वस्तीतल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांमार्फत चालवला. पण उत्तम मखमल तो विकण्यापेक्षा देण्यासाठी विणवून घेई. सरदाराला खिलत म्हणून, वकिलाला निरोपाची भेट म्हणून, परक्या राजाला नजराणा म्हणून. १६०३ साली त्याच्या वकिलाने व्हेनिसच्या डोजेला जी कापडे भेट दिली त्यांत मरियम आणि बाळ येशूचे चित्र विणलेली मखमल होती असे मानले जाते. मुसलमान बादशहाने ख्रिस्ती राज्याला त्यांच्या आणि आपल्याही आदरातली मरियम मखमलीवर विणून पाठवावी, ही गोष्ट आमच्या घरी आम्ही पुन्हा पुन्हा सांगितली. इराणी मखमलीचा एक मोठा साठा आज डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या रोझनबोर्ग राजवाड्यात आहे. तो १६३९ साली होल्स्टाइनच्या दरबारी गेलेल्या इराणी वकिलातीच्या भेटींतला.

यावरून मखमल म्हणजे निव्वळ इराण असे मात्र ठरत नाही. शब्द अरबी, 'खम्ल' म्हणजे लव यावरून झालेला. त्याच काळात इटलीत व्हेनिस आणि जेनोआ, तुर्कांच्या मुलखात बुर्सा इथले माग मखमल विणत होते. आणि ऐन-ए-अकबरीतली कापडांची यादी पाहावी. तिथे यझ्दच्या जरीच्या मखमलीचा भाव ठाणाला १५ ते १५० मोहरा असा दिला आहे, आणि त्याच यादीत युरोपच्या, काशानच्या, लाहोरच्या आणि गुजरातच्या मखमलीचेही भाव आहेत. म्हणजे चारशेहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या मागांवर मखमल निघत होती. बाहेरून आलेले उस्ताद होते, त्यांच्याकडून शिकलेले इथले हात होते आणि दोन पिढ्यांनंतर कोण कुठला हे सांगायला कोणी उरले नसेल.

१७२२ साली अफगाणांनी इस्फहानला वेढा घातला. शहर महिनोन्‌महिने उपाशी राहिले आणि शेवटी पडले. सफवी दरबार गेला, खिलत देणारा हात गेला आणि त्या तोडीची मखमल विणणे पुढे परवडेनासे झाले. काशानात ही विद्या थोड्या हातांनी जगवून ठेवली, पण तो थाट परत आला नाही. ज्या मालाचा खरा गिऱ्हाईक एकच असतो त्याचे असे होते. हे समजायला आम्हांला इस्फहानला जायची गरज नव्हती. आपल्या मराठवाड्यात हेच झाले.

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू आणि मशरू विणणारे मुसलमान कारागीर होते. अजून थोडे आहेत. किनखाप हा सोन्याचांदीच्या तारेचा, शुद्ध रेशमाचा. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र येते, वेलबुट्ट्या इराणी बागेतल्या वाटाव्यात अशा, भाव मात्र किनखापापेक्षा उतरता. मशरूची गोष्ट तर ऐकण्याजोगी आहे. पुरुषाने शुद्ध रेशीम अंगाला लावू नये अशी शिकवण असल्यामुळे असे कापड काढले, ज्याचा वरचा चेहरा रेशमाचा आणि अंगाला लागणारी बाजू सुताची. मशरू म्हणजे शरियतीला मान्य. वर कितीही झळाळी असो, आत सूत आहे म्हणून ते अंगावर घालता येते. निजामाच्या आणि त्याच्या अमीर-उमरावांच्या शेरवान्यांना हिमरू लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान विलीन झाले, दरबाराची मागणी आटली आणि माग एकेक करून थांबत गेले. १७२२ सालचे इस्फहान आणि १९४८ नंतरचे औरंगाबाद यांत फरक लढाईचा असेल, विणकराच्या चुलीला तो फरक कळला नसावा.

वर्ध्याला दरबार नव्हता. इथे आला तो एक पंचा नेसलेला माणूस. १९३४ साली मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम झाले. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. खादीचा आणि खेड्यातल्या हातकामाचा मान व्हावा म्हणून उभारलेले हे घर आजही वर्ध्यात आहे. आम्ही लहानपणी तिथे चरखे पाहिले. राजाच्या सिंहासनाला संग्रहालयात जागा मिळते हे पुस्तकात वाचले होते. कामाच्या हत्याराला मिळते हे पहिल्यांदा तिथे पाहिले.

त्या सभेतल्या वक्त्यांनी गांधीजींच्या आत्मकथेतले एक प्रकरण काढून पाहिले असते तर बरे झाले असते. चरखा हाती लागला, पण पेळू मिळेना. तेव्हा मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू पुरवले. पण गिरणीचे पेळू हाताच्या सुताला वापरणे गांधीजींना पटेना. त्यांनी गंगाबेनना पिंजारी शोधायला सांगितले. त्यांनी एक पिंजारी ठरवला. त्याने महिन्याला पस्तीस रुपये किंवा त्याहून अधिक मागितले आणि गांधीजींनी ते कबूल केले, कारण त्या वेळी कोणतीही किंमत त्यांना जास्त वाटत नव्हती. त्या पिंजाऱ्याचे नाव तिथे दिलेले नाही. ग्यासुद्दीनच्या मागावरचा दोऱ्या ओढणारा पोरगा आणि गंगाबेनचा पिंजारी, दोघेही नावाशिवाय गेले. एकाने बादशहाची मखमल केली, दुसऱ्याने गरिबाची खादी. आम्हांला दोघेही आपल्याच बिरादरीचे वाटतात.

आमच्याकडे नाव उरले ते धंद्याचेच. पिंजारी. आता घरातली काही मुले मन्सूरी लिहितात, नात्यातले काही जण नद्दाफ लिहितात. त्यात लाज आहे असे आम्ही म्हणत नाही. अर्ज भरताना, घर भाड्याने मागताना, नोकरीच्या मुलाखतीला जाताना माणूस काय काय विचार करतो ते ज्याचे त्याला ठाऊक. मात्र पिंजारी हा शब्द पिंजणे या मराठी क्रियापदातून आला आहे. आमच्या आडनावाची मुळे शोधायला फारसीच्या कोशात जावे लागत नाही.

उलट आमच्या दुकानातले शब्द पाहिले तर गंमत वाटते. कापूस, सरकी, पेळू, सुई, टाका, गादी हे शब्द इथले. अस्तर, गज, कैची, जरी, तक्क्या, नक्षी आणि मखमल हे फारसी-तुर्कीच्या वाटेने आलेले. आणि ते फक्त आमच्या तोंडी नाहीत. हिंगणघाटची कुणबीण, आर्वीचा शिंपी, देवळीचा मास्तर सगळे हेच बोलतात. लवेचा धागा नुसता उभा राहू शकत नाही, त्याला जमिनीच्या आडव्या धाग्याने आवळून धरावे लागते. एकदा आवळला की लव उपटताना जमीनही फाटते. भाषेचे याहून वेगळे काय आहे? आमच्या तोंडची मराठी आणि शेजाऱ्याच्या तोंडची फारसी, दोन्ही एकाच मागावरची. त्या सभेत हे बोलायला हवे होते असे नाही. सभेत उत्तर देऊन असल्या गोष्टी मिटत नाहीत. कामातून मिटतात, आणि ते काम आमच्या ओसरीवर रोज चालत होते.

गिरडचेच पाहा. समुद्रपूर तालुक्यात टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथल्या टेकडीवर सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोटे सापडतात. त्यांची कथा जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. मालाने लादलेले जनावर घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. भूगर्भाचे जाणकार या गोट्यांना खनिजाच्या गाठी म्हणतात. कथेचे म्हणणे वेगळे आहे, की मालाचा ताठा फकिरापुढे चालत नाही. अशा फकिराच्या मजारीवर आपण मखमल चढवतो. आमच्याच बिरादरीत काहींना हे पटत नाही. कबरीवर चादर कशाला, त्या पैशात एका गरिबाला रजई द्या, असे ते म्हणतात. अब्बांनी दोन्ही ऐकले. चादर शिवायला आणणाऱ्याला ते कधी परत पाठवत नसत. पण उरलेला कापूस वर्षभर साठवून थंडीच्या आत दोन-तीन रजया भरत आणि त्या कुठे जात हे आम्हांलाही सांगत नसत. चादरी घेऊन येणाऱ्यांत निम्मी घरे हिंदू असत. नवस फेडायला आलेली बाई हिरव्या मखमलीची किनार निरखून पाहायची आणि म्हणायची, "चाचा, जरी पक्की लावजो, बाबाच्या अंगावर जाते ते."

आणि पोळा. आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू वाहून सुजलेले, घट्टे पडलेले बैलाचे खांदे गरम पाण्याने, तुपाने, पळसाच्या पानांनी शेकायचे. दुसऱ्या दिवशी त्याला जू लावायचे नाही. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळी बाशिंग आणि पाठीवर आरसे लावलेली मखमलीची झूल. पाडव्याला तान्हा पोळा, पोरे लाकडी नंदी घेऊन निघतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर सगळ्या विदर्भाला ठाऊक आहे. त्या लाकडी नंद्यांसाठी हातभर लांबीच्या झुली आमची फुफी कात्रणांतून शिवून देई.

खिलत म्हणजे काय, हे आम्हांला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा पोळ्याने समजावले. बादशहा आपल्या अंगावरचे किंवा आपल्या कारखान्यातले वस्त्र सरदाराच्या खांद्यावर घालतो, म्हणजे तू माझे काम केलेस हे चारचौघांत मान्य करतो. मराठ्यांच्या दरबारातही खिलत होती, मानाची वस्त्रे होती. इस्फहानच्या मखमलीने मान वरून खाली दिला. वर्धा जिल्ह्यातला कास्तकार तीच मखमल घेतो आणि ज्याने त्याच्यासाठी वर्षभर मान खाली घातली त्याच्या पाठीवर ठेवतो. मखमलीचा इतका प्रवास झाला, यझ्दहून अकबराच्या दरबारी, व्हेनिसला, कोपनहेगनला. आमच्या मते ती सर्वांत चांगल्या ठिकाणी पोचली ती या पाठीवर.

आता हे कामही सरत आले. पिंजणाची जागा पिंजाईच्या यंत्राने घेतली, गादीची जागा फोमने. पिंजणाची तात एका खिळ्याला लटकत असते. आंदणात तयार ब्लँकेट येते. घरातले तरुण वेगवेगळ्या धंद्यांना लागले आणि त्यांनी लागावे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या. मधली काही वर्षे तर अशी गेली की झुलीचे नावही कोणी काढत नव्हते. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत वर्धा होता. आम्ही कापूस भरणारे, कापूस पिकवणाऱ्याच्या घरी काय चालले आहे ते आम्हांला वर्तमानपत्राच्या आधी कळे. रजईसाठी घरचा कापूस आणणारा माणूस यंदा कापूस ठेवलाच नाही म्हणाला की समजायचे, सगळा विकून देणे भागले नाही.

त्याच सुमाराच्या एका पोळ्याआधी एक ओळखीचे कास्तकार दोन जुन्या झुली घेऊन आले. नव्या शिवायच्या नव्हत्या. लव बसली होती ती वर करून हवी होती. याची रीत सोपी आहे. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर कापड उलटे धरायचे, वाफ मागच्या बाजूने आत शिरू द्यायची आणि ओल आहे तोवर मऊ ब्रशने लव उलट्या दिशेला उठवायची. अम्मीने चुलीवर पातेले ठेवले. पहिली झूल झाली तेव्हा ते म्हणाले की जोडीतला एक बैल उन्हाळ्यात विकला. अब्बांनी दुसरी झूल हातात घेतलेली तशीच ठेवली आणि विचारले, "मग ही कशाला?"

"ते भी करून द्या जी," ते म्हणाले. "घरात राहू द्या. पुढच्या सालाले पाहू."

अम्मीने पातेल्यात आणखी पाणी ओतले. दोन्ही झुली वाफेवर धरल्या, दोन्हींची लव उभी केली आणि घडी न घालता, गुंडाळून त्यांच्या हाती दिल्या.